टायरवरील आकडे : सुरक्षितता आणि बचतीचे अर्थशास्त्र

गेल्या दोन-अडीच दशकांत देशातील रस्त्यांचा विस्तार झपाट्याने झाला आहे. सुवर्ण चतुष्कोन, प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आणि त्यापाठोपाठ आलेले द्रुतगती मार्ग यांमुळे वाहतुकीचा वेग आणि वाहनांवरील भार ही दोन्ही वाढली. मात्र वाहन आणि रस्ता यांचा प्रत्यक्ष संबंध ज्या एकमेव वस्तूमुळे येतो, त्या टायरकडे सामान्य वाहनधारकाचे लक्ष क्वचितच जाते. छोट्या मोटारीचे चारही टायर मिळून रस्त्याला जेवढे टेकतात, ते क्षेत्र साधारणतः चार तळहातांहून फार मोठे नसते. इंजिनाची शक्ती, ब्रेकची पकड आणि चालकाचे कौशल्य ही सर्व अखेर एवढ्याशा जागेतूनच रस्त्यापर्यंत पोहोचतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अपघातांची कारणे अनेक आहेत. रस्त्यांची रचना, अतिवेग, चालकाची थकावट यांपैकी काहींवर एकट्या वाहनधारकाचा ताबा नसतो. टायरची निवड व निगा ही बाब मात्र जवळजवळ पूर्णपणे त्याच्या हातात असते. असे असूनही झिजलेला टायर बदलण्याची वेळ आली, की बहुसंख्य ग्राहक दुकानदाराला ‘या गाडीला बसेल असा टायर द्या’ एवढेच सांगतात आणि किंमत विचारतात.

अर्थशास्त्रात विक्रेत्याला वस्तूच्या गुणवत्तेची जी माहिती असते ती खरेदीदाराला नसते, या स्थितीला माहितीची विषमता असे म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली हा सिद्धान्त मांडताना जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेतले होते. पुढे २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. टायरच्या बाबतीत ही विषमता दूर करण्याचे साधन वस्तूवरच उपलब्ध आहे. टायरची रुंदी, उंची, भार पेलण्याची क्षमता, कमाल वेग, निर्मितीचा आठवडा आणि प्रमाणन हे सर्व त्याच्या कडेच्या भिंतीवर कोरलेले असते. ग्राहकाला ही माहिती विकत घ्यावी लागत नाही, फक्त वाचावी लागते.

आकड्यांची भाषा

देशातील अनेक छोट्या मोटारींना बसणाऱ्या एका टायरवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे लिहिलेले असते. यातील १८५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये दर्शवितो. तिरक्या रेषेनंतरचा ६५ हा आकडा मात्र मिलिमीटर नव्हे, तर टक्केवारी आहे. टायरच्या कडेच्या भिंतीची उंची ही रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर आहे, असा त्याचा अर्थ होतो. ‘आर’ हे अक्षर टायर रेडियल पद्धतीचा असल्याचे सांगते आणि १५ हा आकडा टायर ज्या रिमवर बसतो त्याचा व्यास इंचांत देतो. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे एकत्र आल्याने ग्राहक गोंधळतो; परंतु क्रम एकदा ध्यानात आला की कोणत्याही मोटारीच्या टायरची ओळ वाचता येते.

या तीन आकड्यांवरून टायरची एकूण उंचीही काढता येते. रिमचा व्यास इंचांत असल्याने त्याला २५.४ ने गुणावे आणि त्यात भिंतीच्या उंचीची दुप्पट मिळवावी. वरील टायरची उंची याप्रमाणे ३८१ अधिक २४०.५, म्हणजे ६२१.५ मिलिमीटर येते. हे गणित पुढे टायरचा आकार बदलण्याच्या प्रश्नात उपयोगी पडते.

रेडियल हा शब्द टायरच्या आतील धाग्यांच्या मांडणीशी संबंधित आहे. जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये नायलॉनच्या धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत जातात. बाजारात या टायरला ‘नायलॉन टायर’ म्हणूनच ओळखले जाते. रेडियल टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली सहसा पोलादी तारांचा पट्टा असतो. असा टायर कमी तापतो, अधिक काळ टिकतो आणि इंधनाची बचत करतो. फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १९४६ साली या रचनेचे पेटंट घेतले. भारतात प्रवासी मोटारींमध्ये रेडियल टायर आता सार्वत्रिक झाला आहे. मालमोटारींमध्ये हा बदल उशिरा आणि हळूहळू झाला, कारण खराब रस्ते व अतिभार यांत नायलॉनचा टायर अधिक तग धरतो, असा वाहतूकदारांचा अनुभव होता. एकाच आसावर, म्हणजे अॅक्सलवर, एका बाजूला रेडियल व दुसऱ्या बाजूला नायलॉनचा टायर बसविणे मात्र धोक्याचे असते. दोन्ही टायर वळणावर निरनिराळ्या रीतीने वागतात.

भार आणि वेग

मापाच्या पुढील ‘८८ एच’ या दोन चिन्हांकडे ग्राहकाचे सर्वांत कमी लक्ष जाते. ८८ हा भारनिर्देशांक आहे. तो किलोग्रॅममधील वजन नसून एका आंतरराष्ट्रीय कोष्टकातील क्रमांक आहे. या कोष्टकात ७९ म्हणजे ४३७ किलोग्रॅम, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५ आणि १०० म्हणजे ८०० किलोग्रॅम. योग्य दाबाने हवा भरलेला एक टायर एवढा भार पेलू शकतो. ‘एच’ हे वेगचिन्ह असून त्याचा अर्थ ताशी कमाल २१० किलोमीटर असा आहे. ‘के’ म्हणजे ११०, ‘पी’ म्हणजे १५०, ‘एस’ म्हणजे १८०, ‘टी’ म्हणजे १९० आणि ‘व्ही’ म्हणजे २४० किलोमीटर.

भारतात द्रुतगती मार्गांवरील मोटारींची कमाल वेगमर्यादा २०१८ च्या अधिसूचनेनुसार ताशी १२० किलोमीटर आहे. मग २१० किलोमीटरची क्षमता कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. वेगचिन्ह हे टायरच्या उष्णता सहन करण्याच्या शक्तीचे द्योतक असते. उन्हाळ्यात तापलेला रस्ता, पूर्ण भरलेली गाडी आणि तासन्‌तास एकसारखा वेग या परिस्थितीत हीच राखीव क्षमता कामी येते. म्हणून नव्या टायरचा भारनिर्देशांक व वेगचिन्ह ही मूळ टायरइतकी किंवा त्याहून अधिक असावीत. कमी कदापि नसावीत.

मालमोटारीचे गणित

मालवाहतुकीत भारनिर्देशांकाला थेट आर्थिक महत्त्व आहे. देशातील मालमोटारींचा मोठा हिस्सा एक ते पाच गाड्या बाळगणाऱ्या छोट्या मालकांकडे आहे. डिझेलनंतर टायर हा त्यांच्या चालू खर्चातील प्रमुख घटकांपैकी एक असतो.

मालमोटारींच्या एका प्रचलित टायरवर ‘१०.०० आर २० १४६/१४३ के’ असे लिहिलेले असते. येथे १०.०० ही रुंदी इंचांत आहे. भारनिर्देशांक मात्र दोन आहेत. मागच्या आसावर प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर जोडीने बसविले जातात. चाक एकेरी असेल तर १४६, म्हणजे ३००० किलोग्रॅम, आणि जोडचाक असेल तर १४३, म्हणजे प्रत्येकी २७२५ किलोग्रॅम असा त्याचा अर्थ आहे. जोडीतील दोन टायर भार नेहमीच सारखा वाटून घेत नाहीत आणि त्यांच्यामध्ये हवा कमी खेळते, म्हणून जोडचाकाची क्षमता कमी धरली जाते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५८ नुसार वाहनाचा सुरक्षित आसभार ठरविताना टायरची संख्या, प्रकार व आकार विचारात घेतले जातात. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा वाढविली. चार टायर असलेल्या एका आसासाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. आता गणित पाहावे. जुन्या मर्यादेत प्रत्येक टायरवर २५५० किलोग्रॅम भार येत होता. १४३ निर्देशांकाच्या टायरला तो सहज पेलत असे. नव्या मर्यादेत तोच भार २८७५ किलोग्रॅम होतो आणि १४३ निर्देशांकाचे चार टायर मिळून १०,९०० किलोग्रॅमच पेलू शकतात. हेच माप १४९/१४६ निर्देशांकात घेतल्यास जोडचाकातील प्रत्येक टायरची क्षमता ३००० किलोग्रॅम व चारांची मिळून १२ टन होते. कमी वेगासाठी उत्पादकांच्या कोष्टकांत काही सवलत असते हे खरे. तथापि ती गृहीत धरण्यापूर्वी कोष्टक पाहणे आवश्यक आहे. कायद्याने वाढविलेली मर्यादा जुन्या टायरची शक्ती वाढवीत नाही.

मर्यादेबाहेर माल भरण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिभारासाठी २० हजार रुपये आणि प्रत्येक अतिरिक्त टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. भाड्याचे चार पैसे अधिक मिळविण्याच्या प्रयत्नात टायरचे आयुष्य घटते, महामार्गावर टायर फुटल्यास माल व वेळ वाया जातो आणि शेजारून जाणाऱ्या निर्दोष व्यक्तीच्या जिवावर बेतते. हा शेवटचा खर्च वाहतूकदाराच्या हिशेबवहीत कोठेही नोंदला जात नाही. ज्याचा बोजा इतरांवर पडतो त्या खर्चासाठी नियमन लागते, ते याच कारणाने.

दुचाकी आणि ट्रॅक्टर

भारतातील नोंदणीकृत वाहनांत दुचाकींची संख्या सर्वाधिक आहे आणि टायरविषयीची बेफिकिरीही येथेच अधिक आढळते. मोटारसायकलीच्या टायरवर पूर्वी ‘२.७५-१८’ असे लिहिले जाई; म्हणजे पावणेतीन इंच रुंदी आणि १८ इंचांची रिम. आता ‘८०/१००-१८’ अशी मेट्रिक पद्धत रूढ झाली आहे. येथे १०० टक्के म्हणजे टायरची उंची रुंदीइतकीच आहे. त्यापुढील ‘४७ पी’ किंवा ‘५४ पी’ यांचा अर्थ अनुक्रमे १७५ आणि २१२ किलोग्रॅम भार असा होतो. मागच्या चाकावर चालकाबरोबर मागे बसणाऱ्याचा व सामानाचाही भार येत असल्याने त्याचा निर्देशांक मोठा असतो. पुढचा टायर मागे किंवा मागचा पुढे बसविण्याची प्रथा या दृष्टीने चुकीची ठरते. दूध, भाजीपाला वा गॅस सिलिंडर वाहून नेणाऱ्या दुचाकीस्वारांनी हा आकडा आवर्जून पाहावा. ट्यूबलेस टायर घेतानाही रिम त्यासाठी बनविलेली आहे का, हे आधी तपासावे.

ट्रॅक्टरचा मागचा टायर ‘१३.६-२८’ असा ओळखला जातो. १३.६ इंच रुंदीच्या या टायरची ठळक, तिरकी नक्षी मातीत रुतून ओढ निर्माण करते. हाच ट्रॅक्टर ऊस भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यावर दिवसचे दिवस धावू लागला, की ती नक्षी लवकर झिजते. शेतात व रस्त्यावर हवेचा दाब वेगवेगळा ठेवावा लागतो, तो उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. चारही चाकांना गती मिळणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या व मागच्या टायरच्या घेरांचे प्रमाण ठरलेले असते. केवळ एका जोडीचा आकार बदलल्यास गिअरवर अनाठायी ताण येतो.

आकार बदलताना

वाहनाबरोबर आलेल्या आकाराचाच टायर पुन्हा घ्यावा, हा सर्वांत सोपा व सुरक्षित नियम आहे. तो आकार चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. जुन्या टायरवरून माप घेण्यात धोका असा, की वाहन दुसऱ्याकडून घेतले असल्यास आधीच्या मालकाने चुकीचा टायर बसविलेला असू शकतो.

काही वेळा उत्पादक स्वतःच एका मोटारीसाठी दोन आकार देतात. एका लोकप्रिय छोट्या मोटारीच्या साध्या आवृत्तीला १६५/८० आर १४ आणि वरच्या आवृत्तीला १८५/६५ आर १५ असे टायर येतात. पहिल्याची उंची ६१९.६ आणि दुसऱ्याची ६२१.५ मिलिमीटर भरते. रिम एक इंचाने मोठी होऊनही टायरची एकूण उंची जवळजवळ तेवढीच राहते, कारण कडेची भिंत त्या प्रमाणात कमी केली आहे. आकार बदलण्याची शास्त्रीय रीत हीच होय. उंचीतील फरक साधारणतः तीन टक्क्यांच्या आत राहावा, असा संकेत पाळला जातो.

याउलट, रिम तीच आणि रुंदीही तीच, एवढे पाहून १६५/८० आर १४ ऐवजी १६५/६५ आर १४ हा टायर घेतल्यास काय होते? उंची ६१९.६ वरून ५७०.१ मिलिमीटरवर येते. गाडी जमिनीपासून सुमारे २५ मिलिमीटर खाली बसते आणि गतिरोधकावर तळ घासू लागतो. भारनिर्देशांक सामान्यतः ८५ वरून ७९ वर येतो. म्हणजे चार टायरांची एकत्रित क्षमता २०६० किलोग्रॅमवरून १७४८ किलोग्रॅम होते. दुकानात दोन्ही टायर शेजारी ठेवले तर रिमवर दोन्ही नीट बसतील. फरक आहे तो मधल्या एका आकड्यात.

रुबाबासाठी जाड टायर बसविण्याचाही मोह अनेकांना होतो. १८५/६५ आर १५ च्या जागी २०५/६५ आर १५ बसविल्यास उंची ६४७.५ मिलिमीटर, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक होते. वेगदर्शक १०० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात १०४ च्या गतीने धावते. अंतराची नोंद कमी होते, टायर वळणावर चाकाच्या कमानीला घासू शकतो आणि इंधनही अधिक लागते. याशिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या निकालात ही भूमिका अधिक स्पष्ट केली आहे. फार कमी उंचीच्या भिंतीचे टायर दिसायला आकर्षक असले, तरी खड्ड्यांच्या रस्त्यावर रिम वाकण्याचा धोका त्यांत जास्त असतो.

टायर केव्हा बदलावा

टायरच्या खाचा पावसाळ्यात चाकाखालील पाणी बाहेर फेकण्याचे काम करतात. त्या बुजल्या की चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते. अशा वेळी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार खाचांची किमान खोली दुचाकी व तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांसाठी १.६ मिलिमीटर असली पाहिजे. ती मोजण्यास उपकरणाची गरज नाही. टायरच्या कडेला लहान त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे असतात. त्यांच्या रेषेत खाचेच्या तळाशी एक छोटा उंचवटा असतो. टायर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आला, की त्याचे कायदेशीर आयुष्य संपले. बोलीभाषेत ज्याला ‘गोटा झालेला टायर’ म्हणतात, त्याच्या बऱ्याच आधी ही वेळ येते.

झीज हा एकच निकष नाही. कमी वापराचे वाहन दारात उभे असले, तरी उन्हाने व काळाने रबर कडक होते. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडी संख्या असते. २३१८ म्हणजे २०१८ या वर्षातील तेविसावा आठवडा. अनेक उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करण्याचा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी टायर बदलण्याचा सल्ला देतात. नवा टायर घेतानाही हा आकडा पाहावा. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर ताज्या मालाच्या भावाने घेण्याचे कारण नाही. भिंतीवर फुगवटा दिसल्यास मात्र वयाचा विचार न करता टायर तत्काळ काढावा, कारण आतील धागे तुटल्याचे ते लक्षण असते.

खरा भार रबर नव्हे, तर आतील हवा पेलते. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते, उष्णता साठते आणि दीर्घकाळ वेगात धावल्यावर टायर फुटतो. २०१२ साली सुरू झालेला १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग आणि डिसेंबर २०२२ मध्ये ज्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला तो समृद्धी महामार्ग, या दोन्ही ठिकाणी टायर फुटून झालेल्या अपघातांची बरीच चर्चा झाली. समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने टायर तपासणीची मोहीमही हाती घेतली. जुन्या रस्त्यांवर गाव, वळण, फाटक अशी विश्रांतीची कारणे आपोआप मिळत. नव्या मार्गांवर चाक तासन्‌तास थांबत नाही आणि टायरमधील लहानसा दोषही उघडा पडतो.

हवेचा योग्य दाब दरवाजावरील पट्टीत दिलेला असतो. टायरच्या भिंतीवर लिहिलेला दाब हा कमाल दाब असून तेवढी हवा भरणे अपेक्षित नसते. दाब टायर थंड असताना, महिन्यातून निदान एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी तपासावा. जुलै २०२० मधील नियमदुरुस्तीने साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत दाब दाखविणारी यंत्रणा व पंक्चर दुरुस्तीचा संच असल्यास स्टेपनी ठेवण्याची अट शिथिल केली आहे. ज्यांच्याकडे स्टेपनी आहे त्यांनी तिच्यातील हवाही तपासत राहावी. दोनच नवे टायर घेतले असल्यास ते मागच्या आसावर बसवावेत, असा उत्पादकांचा सल्ला असतो. मागची पकड सुटल्यास गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती सावरता येत नाही.

किंमत आणि खर्च

टायरची किंमत आणि टायरचा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत. समजा, १८ हजार रुपयांचा एक टायर ६० हजार किलोमीटर चालतो आणि २२ हजार रुपयांचा दुसरा ८८ हजार किलोमीटर चालतो. पहिल्याचा खर्च किलोमीटरमागे ३० पैसे व दुसऱ्याचा २५ पैसे येतो. स्वस्त टायर येथे महाग पडला.

इंधनाचा हिशेब याहून मोठा आहे. टायर फिरताना वाकतो व पूर्ववत होतो. त्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. यालाच घरंगळण रोध असे म्हणता येईल. मोटारीच्या इंधनापैकी सुमारे एक-पंचमांश आणि मालमोटारीच्या इंधनापैकी सुमारे एक-तृतीयांश यावर खर्ची पडते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. वर्षाला ८० हजार किलोमीटर धावणारी मालमोटार लिटरमागे चार किलोमीटर देत असेल, तर तिला २० हजार लिटर डिझेल लागते. चांगल्या टायरने व योग्य दाबाने केवळ दोन टक्के बचत झाली, तरी ती ४०० लिटर होते. डिझेल ९० रुपये लिटर धरल्यास वर्षाला ३६ हजार रुपये वाचतात. खनिज तेलाच्या आयातीवर अवलंबून असलेल्या देशाच्या दृष्टीने ही बचत राष्ट्रीय महत्त्वाची ठरते.

ही गुणवत्ता ग्राहकाला ओळखता यावी, यासाठी शासनाने टप्प्याटप्प्याने पावले उचलली आहेत. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने वाहनांच्या टायरांना भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक करण्याचा मार्ग खुला केला. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०२१ मध्ये टायरांसाठी ऐच्छिक तारांकन योजना आणली. विजेच्या उपकरणांवर असतात तसेच हे तारे आहेत. २०२२ च्या अधिसूचनेने घरंगळण रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज या तीन बाबींची मानके लागू केली. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या टायरांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणि ट्रॅक्टरच्या टायरांवरील कर ५ टक्क्यांवर आणला गेला. झिजलेला टायर आणखी काही महिने रेटण्यामागे किंमत हे कारण असेल, तर ते आता काहीसे दुबळे झाले आहे.

व्यावसायिक वाहनांसाठी पुनःस्तरण, म्हणजे झिजलेल्या टायरवर नव्या नक्षीचा थर चढविणे, हाही किफायतशीर पर्याय आहे. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळासारख्या संस्था स्वतःचे पुनःस्तरण प्रकल्प चालवितात. मात्र त्यासाठी टायरचा सांगाडा निर्दोष असावा लागतो. अतिभाराने किंवा कमी हवेने सांगाडा खिळखिळा झाला असेल, तर पुनःस्तरण करण्याजोगे काही उरत नाही. शिवाय पुढच्या चाकांवर असे टायर वापरणे टाळावे. खाचा पुन्हा कोरून ‘नवा’ केलेला जुना टायर हा निराळा प्रकार आहे. त्यात रबराचा थर वाढत नाही, उलट उरलासुरला पातळ होतो. मोटारीच्या वा दुचाकीच्या ग्राहकाने अशा स्वस्ताईपासून दूर राहावे.

टाकून दिलेल्या टायरांचाही विचार व्हायला हवा. त्यांत साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते आणि उघड्यावर जाळल्यास विषारी धूर पसरतो. जुलै २०२२ मधील नियमांनी टायर उत्पादक व आयातदारांवर वापरलेल्या टायरांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे. जुना टायर दुकानदाराकडे परत देणे एवढा भाग ग्राहकाने उचलला, तर ही व्यवस्था अधिक परिणामकारक होईल.

समारोप

टायर विकत घेताना पाच गोष्टी पाहणे पुरेसे आहे : वाहनाच्या पट्टीवरील आकार, मूळ टायरइतका किंवा त्याहून मोठा भारनिर्देशांक, तसेच वेगचिन्ह, निर्मितीचा आठवडा आणि आयएसआय चिन्ह. या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत. तथापि केवळ ग्राहकाच्या जागरूकतेवर विसंबून चालणार नाही. चालक परवान्याच्या चाचणीत टायरवरील आकड्यांविषयी एखादा प्रश्न असावा, वाहन योग्यता तपासणीत मालमोटारीच्या भारनिर्देशांकाची तिच्या नोंदणीकृत वजनाशी पडताळणी व्हावी, आणि ग्रामीण भागातील टायर विक्रेते व पंक्चर काढणारे कारागीर यांना भारनिर्देशांकाचे कोष्टक मराठीसह सर्व भारतीय भाषांत मिळावे. टायर बदलण्याविषयी बहुसंख्य वाहनधारक पहिला सल्ला घेतात तो याच कारागिरांचा. माहिती टायरवर आधीपासून आहेच. ती वाचणारे हात आणि डोळे गावोगावी तयार करणे, हे त्या मानाने फारच कमी खर्चाचे काम आहे.